पुलापलीकडचा परवाना

व्यसनाला परवाना लागत नाही. दारू असो नाहीतर गोळ्या, पूल ओलांडून खुशाल इकडच्या तिकडे जातात. त्यांना कोणी अडवून विचारत नाही की बाई गं, तुझे मागच्या राज्यातले कागद कुठे आहेत? कागद लागतात ते व्यसन सोडवणाऱ्याला. हे ज्ञान व्हर्लिन स्टॉडर्डला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी झालं, आणि तेसुद्धा फक्त सव्वा मैल सरकल्यामुळे.

झालं असं, की नदीच्या अलीकडे, मार्लो लँडिंगला, ज्या व्यसनमुक्ती केंद्रात तो एकोणीस वर्षं समुपदेशक होता त्या इमारतीचं छप्पर मे महिन्यात खाली आलं. नशीब एवढंच, की सगळे जेवायला बाहेर गेले होते. केंद्राच्या संचालिका इमोजेन टल, म्हणजे आमच्या टलबाई, यांनी नदीपलीकडे हॅरो गावात बंद पडलेलं बुटांचं एक दुकान भाड्याने घेतलं. खुर्च्या गेल्या, कॉफीचं यंत्र गेलं, पेशंट गेले, आणि व्हर्लिन व त्याची बायको ग्लेंडा यांनीही पलीकडेच बिऱ्हाड हलवलं. फक्त एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. राज्याची हद्द नदीच्या मधोमध आहे. म्हणजे पुलाच्या मधल्या पाटीपर्यंत व्हर्लिन एकोणीस वर्षांचा अनुभवी समुपदेशक, आणि पाटी ओलांडली की नुसता एक टक्कल पडलेला गृहस्थ.

"एक अर्ज तर भरायचाय," ग्लेंडा म्हणाली. "त्यात काय एवढं? पंधरा दिवसांचं काम."

हे वाक्य आजवर ज्यांनी ज्यांनी उच्चारलं त्यांचं पुढे काय झालं, याचा कोणीतरी एकदा अभ्यास करायला हवा.

टलबाईंनी त्याला बाहेरच्या खिडकीत बसवलं. "परवाना येईपर्यंत नावं लिहून घे, फॉर्म दे, कॉफी दे. पण व्हर्लिन, सल्ल्याचा एक शब्द तोंडातून काढायचा नाही. परवान्याशिवाय समुपदेशन म्हणजे इथे गुन्हा आहे. कोणी तक्रार केली तर नवा परवाना राहिला बाजूला, तुझा जुनाही जाईल."

"पण कसं वाटतंय, एवढं तरी विचारू?"

"ते तर मुळीच नको. हवापाण्याचं बोल."

मग व्हर्लिन हवापाण्याचं बोलू लागला. एक ट्रकवाला खिडकीशी येऊन म्हणाला, "काल बायको घर सोडून गेली." व्हर्लिनने ओठ चावले आणि म्हणाला, "उद्या दुपारनंतर आभाळ उघडेल म्हणतायत." ट्रकवाला ढसाढसा रडला. म्हणाला, इतकं समजून घेऊन माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. टलबाईंनी दुसऱ्या दिवसापासून हवामानही बंद केलं.

आता एका माणसाची नोकरी थोडी अडली, तर अडली. जगात याहून मोठी दुःखं आहेत. पण इथे प्रश्न एकट्या व्हर्लिनचा नव्हता. रेलीन नावाची एक पोरगी होती, लाँड्रीत कामाला. जुन्या केंद्रात व्हर्लिनपाशी बोलत बोलत तिने एप्रिलपासून गोळ्या सोडल्या होत्या. तिची चार वर्षांची मुलगी पोझी कोर्टाच्या हुकमाने मावशीकडे राहत होती. चौदा नोव्हेंबरला हॅरोच्या कोर्टात तारीख होती, आणि मुलगी परत द्यायची की नाही हे ठरवायला न्यायाधीशांना समुपदेशकाचं पत्र हवं होतं. समुपदेशक याच राज्याचा परवानाधारक पाहिजे. असा एक होता आमच्याकडे, ट्रेंट नावाचा. मुलगा वाईट नव्हता, पण समोरचा बोलायला लागला की हा संगणकावर टाइप करायला लागायचा. रेलीन त्याच्यापुढे तोंडच उघडत नसे. त्याने तिच्या कागदावर लिहिलं, "पेशंट सहकार्य करत नाही." हेच वाक्य पत्रात गेलं असतं तर पोझी राहिली असती मावशीकडेच.

रेलीन रोज खिडकीपाशी यायची. व्हर्लिन रोज तिला फॉर्म द्यायचा.

"तुम्ही मला ओळखतच नाही असं का वागता हो?" तिने एकदा विचारलं.

व्हर्लिनने तिला पेन दिलं. त्या संध्याकाळी तो जेवला नाही. ग्लेंडाने मक्याची भाकरी केली होती, त्या भाकरीकडे बघत बसून राहिला.

अर्ज एकतीस पानांचा होता. तो राज्याच्या राजधानीतल्या मंडळाकडे जायचा, आणि मंडळ म्हणजे फोनवरचा एक आवाज होता, प्रुइटबाई नावाचा. पहिली अडचण बोटांच्या ठशांची आली. ठसे पाठवल्यावर एक जुनी भानगड वर आली. तेवीस वर्षांपूर्वी, जेव्हा व्हर्लिन स्वतः गळ्यापर्यंत पीत होता, तेव्हा त्याने नगरपालिकेचं गवत कापायचं यंत्र, ज्याच्यावर बसून चालवतात तसलं, भर दुपारी पळवून डोनटच्या दुकानापर्यंत नेलं होतं. वेग ताशी चार मैल. पोलिसाने चालत चालत मागे येऊन पकडलं. मंडळाने विचारलं, "या कृत्यामागचा हेतू स्पष्ट करावा." व्हर्लिनने लिहिलं, "डोनट." कागद परत आला. वर शेरा, "उत्तर अपुरे."

याचं त्याला फार लागलं. कारण नदीच्या अलीकडे ही गोष्ट म्हणजे त्याची सगळी पुंजी होती. नवा पेशंट आला, भिंतीकडे बघत बसला, की व्हर्लिन त्याला हे यंत्राचं पुराण सांगायचा. माणूस आधी हसायचा, मग बोलायला लागायचा. ज्याने चिखल तुडवलाय त्यालाच वाट विचारावी, असं आमच्याकडे मानतात. पुलापलीकडे तोच चिखल त्याच्या बुटांवर बघून लोकांनी नाकं मुरडली.

लांबलचक खुलाशावर ते भागलं, तर दुसरी अडचण वरिष्ठांच्या सहीची. शिकाऊ असताना ज्याच्या हाताखाली चार हजार तास काम केलं, त्याची ताजी सही पाहिजे.

"जुनी सही आहे की त्यांची," व्हर्लिन फोनवर म्हणाला.

"ती जुनी झाली."

"माणूसही जुनाच झालाय हो, प्रुइटबाई. वारला तो. अकरा वर्षं झाली."

"मग तसं त्यांच्याकडून लेखी..." प्रुइटबाई थांबल्या. "मी विचारून सांगते," त्या म्हणाल्या. त्या दिवशी व्हर्लिनला पहिल्यांदा वाटलं की या आवाजाच्या मागे बाई असावी. मयताच्या दाखल्यावर आणि टलबाईंच्या शपथपत्रावर ते एकदाचं भागलं, पण त्यात ऑगस्ट गेला.

शेजारी ड्वाइट हंबर हा पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेला गृहस्थ. आयुष्यभर लोकांच्या घरात पाणी सोडलं, आता सल्ले सोडतो. कुंपणावर कोपर टेकवून म्हणाला, "माझ्या मेहुणीला केस कापायचा परवाना पलीकडून अलीकडे आणायला चौदा महिने लागले. अरे, केस तर दोन्हीकडे सारखेच वाढतात ना? पण तू ऐक माझं. कागदाने कागद हलत नाही. काहीतरी गोड घेऊन जा."

ग्लेंडाने अक्रोडाचा केक केला. व्हर्लिन दोन तास गाडी हाकत राजधानीत गेला, प्रुइटबाई जेवायला गेल्या होत्या, म्हणून केक टेबलावर ठेवून आला. आठवड्याने तो केक पोस्टाने परत आला, सोबत "अर्जदाराकडून आलेल्या भेटवस्तूची नोंद" नावाचा चार पानी फॉर्म. भेटवस्तूचं वर्णन, अंदाजे वजन, देण्यामागचा हेतू. हेतूच्या जागी काय लिहावं यावर नवरा-बायकोत दोन दिवस अबोला होता. केकचा एक तुकडा मात्र कमी होता, आणि त्याबद्दल फॉर्ममध्ये अवाक्षर नव्हतं.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात रेलीन खिडकीशी आली ती एक हात खिशात घालून. फॉर्म घेतला नाही. हळूच म्हणाली, "खिशात आहेत. पाच. कोणीतरी दिल्या. मी अजून घेतल्या नाहीत."

ट्रेंट सुट्टीवर होता, टलबाई बँकेत. नियमाप्रमाणे व्हर्लिनने तिला "जरा बसा" म्हणायला हवं होतं. तो उठला, कोट चढवला आणि म्हणाला, "चल, जरा पाय मोकळे करू."

वाटेत तो एक शब्द बोलला नाही. पूल आला, कडेचा पादचारी रस्ता लागला, मधली पाटी आली. पाटीच्या पुढे त्याने सहा पावलं मोजली, कठड्याला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "हं. आता बोल."

"इथे?"

"इथे मी समुपदेशक आहे."

रेलीनला आधी हसू फुटलं, कित्येक महिन्यांनी. मग रडू. दीड तास ती बोलत होती आणि व्हर्लिन ऐकत होता. खालून कोळशाच्या मोठ्या होड्या जात होत्या. शेवटी तिने गोळ्यांची पुडी त्याच्या हातात ठेवली, आणि दोघांनी ती दवाखान्यातल्या नको असलेल्या औषधांच्या जमा-पेटीत टाकली.

मग हे रोजचंच झालं. जेवणाच्या सुट्टीत पाटीपुढे सहा पावलं. रेलीनचं बघून ट्रकवाला यायला लागला, आणखी दोघं-तिघं आले. टलबाईंना सगळं कळत होतं. "मला इथून पूल दिसत नाही," एवढंच त्या म्हणाल्या. पूल त्यांच्या खिडकीतून पूर्ण दिसतो.

दिसला तो ड्वाइट हंबरलाही. रोज दुपारी पुलाच्या मधोमध व्हर्लिन, आणि रोज त्याच्यापुढे कठड्याला धरून रडणारं कोणीतरी. ड्वाइटने तर्क केला आणि अग्निशमन दलाला फोन लावला. दोन बंब आले, होडी आली, भोंगा आला. "ताई! मागे फिरा! आयुष्य सुंदर आहे!" भोंग्यातून आवाज आला.

"माहीत आहे हो!" रेलीन वरून ओरडली. "त्याचंच तर बोलतोय आम्ही!"

ही बातमी गावच्या पेपरात आली, पेपर मंडळाकडे गेला आणि मंडळाचं पत्र आलं, "आपण या राज्याच्या हद्दीत विनापरवाना समुपदेशन करता काय?" व्हर्लिन मोजायची फीत घेऊन पुलावर गेला आणि उत्तर पाठवलं, "नाही. हद्दीबाहेर चौदा फूट दोन इंच." पण खरी मेख अशी, की पुलावरचं ते बोलणं कोर्टात कवडीच्या मोलाचं होतं. तिथला परवाना मार्लो लँडिंगकडचा, कोर्ट इकडचं, हॅरोचं. पत्रावर इकडचीच सही हवी.

आणि अर्ज अडला तो शेवटच्या पानावर. "अर्जदाराचे चारित्र्य किमान पाच वर्षे जवळून जाणणाऱ्या तीन व्यक्तींची पत्रे. नातेवाईक, मालक, पेशंट चालणार नाहीत. पूर्ण नाव आणि अर्जदाराशी परिचय कसा, हे लिहिणे आवश्यक."

हे तर सोपं, असं व्हर्लिनला वाटलं होतं. मार्लो लँडिंगच्या चर्चच्या तळघरात दर मंगळवारी आणि गुरुवारी दारू सोडलेल्यांची बैठक भरते. बावीस वर्षं तो तिथे जातोय. म्हातारी डॉटी, पोस्टातला मर्व्ह आणि लांब्या क्लाइड ही तिथली तीन माणसं त्याच्यासाठी जीव टाकतील. तिघांनी पत्रं दिलीही. सह्या होत्या: "डॉटी के.", "मर्व्ह", "क्लाइड एफ." परिचय कसा, या रकान्यात डॉटीने लिहिलं होतं, "सांगता येत नाही." मर्व्हने लिहिलं होतं, "चांगला आहे." क्लाइडने रकाना कोराच ठेवला होता.

पत्रं परत आली. प्रुइटबाईंचा फोन आला. "यांची आडनावं काय आहेत?"

क्लाइडने दारूच्या पायी मुलीचा घोडा विकला आणि ती मुलगी सहा वर्षं बापाशी बोलली नाही, हे व्हर्लिनला ठाऊक होतं. डॉटी नवऱ्याच्या अंत्यविधीला झिंगून गेली होती, हेही ठाऊक होतं. मर्व्हला कुठल्या महिन्यात झोप लागत नाही हेसुद्धा ठाऊक होतं. आडनाव ठाऊक नव्हतं. तळघरात आडनाव विचारायची रीतच नाही. नाव सांगायचं, दुःख सांगायचं. आडनाव बाहेर, चपलांजवळ.

"बावीस वर्षांच्या मित्रांची आडनावं माहीत नाहीत?" प्रुइटबाई म्हणाल्या. त्या चेष्टा करत नव्हत्या, त्यांना खरंच कळत नव्हतं.

दुसरं कोणी मिळेना. पाच वर्षांपासून ओळखणारा जो जो आठवावा, तो पेशंट निघायचा नाहीतर मेहुणा. ड्वाइट म्हणाला, "मी देतो की! पाच महिन्यांची का असेना, ओळख ती ओळखच." मग व्हर्लिन गुरुवारी तळघरात गेला खरा, पण विचारायला त्याची जीभ वळेना. क्लाइड शाळेची बस चालवायचा. सरकारी कागदावर पूर्ण नाव, आणि खाली लिहायचं की आमची ओळख दारुड्यांच्या बैठकीत झाली! शाळेला कळलं तर?

क्लाइडला त्याच्या तोंडावरूनच कळलं. "नाव पाहिजे ना?" तो म्हणाला आणि आपल्या हातांकडे बघत बसला.

"नाही रे बाबा. बघतो मी दुसरं काहीतरी," व्हर्लिन म्हणाला आणि कॉफी न घेताच बाहेर पडला.

मंडळाचं शेवटचं पत्र आलं: बारा नोव्हेंबरला समक्ष हजर राहावे, अन्यथा अर्ज बंद, पुन्हा अर्ज एक वर्षाने. रेलीनची तारीख चौदाची.

बाराला व्हर्लिन लग्नातला सूट घालून ग्लेंडाबरोबर राजधानीत गेला. सूट पोटावर आवळत होता. लांबट टेबलाच्या मागे तीन सदस्य, कोपऱ्यात नोंदी घेणाऱ्या प्रुइटबाई. बाई बारीकशा, चष्मा लावणाऱ्या. व्हर्लिन सांगणार होता की पत्रं नाहीत, बाकी तुम्ही काय ते ठरवा. तेवढ्यात दार उघडलं आणि डॉटी, मर्व्ह आणि क्लाइड आत आले. व्हर्लिनने ग्लेंडाकडे पाहिलं. ग्लेंडा छताकडे पाहू लागली.

"डोरोथिया किटरेज," म्हातारी काठी टेकवत म्हणाली. "वय एकोणऐंशी. दारुडी आहे मी. बत्तीस वर्षं प्यायले नाही. ह्याला मी त्यामुळेच ओळखते. लिहा."

"मर्व्हिन ओस्टरहाउट," मर्व्ह म्हणाला. "मीपण तेच."

क्लाइड पुढे आला आणि त्याने टोपी काढली. व्हर्लिन ताडकन उभा राहिला. त्याच्या डोळ्यांपुढे रेलीन होती, पुलावर उभी, आणि त्याला अर्ज बुडायला नको होता, खरंच नको होता. पण एकाचं घर शाकारायला दुसऱ्याचं छप्पर उतरवायचं, हे त्याला जमेना. "साहेब," तो अध्यक्षांना म्हणाला, "दोनावर भागत असेल तर बघा. नसेल तर अर्ज बंद करा. ह्या माणसाचं नाव कागदावर नको."

"तू खाली बस," क्लाइड म्हणाला. "बावीस वर्षं मला बोलू दिलंस, आजच काय मध्ये बोलतोस? साहेब, क्लाइड फेनिमोर. शाळेची बस चालवतो. सकाळीच हेडबाईंना जाऊन सांगितलं, म्हटलं मी असा असा माणूस, आज नाव सरकारदरबारी जाणार, काढायचं तर काढा. तर त्या म्हणतात, क्लाइड, नऊ वर्षं आठवड्यातून दोनदा तू ती चाळीस फुटी पिवळी बस चर्चच्या मागे लावतोस. अरे, पहिलीच्या पोरांनासुद्धा माहीत आहे!"

डॉटीला ठसका लागला. मधल्या सदस्याने रुमालाआड तोंड लपवलं. क्लाइड मात्र हसत नव्हता, त्याचे कान लाल झाले होते. नऊ वर्षं तो ज्या भीतीने वाकून चालत होता, ती एका वाक्यात गेली होती, आणि आता ताठ कसं उभं राहायचं हे त्याला आठवत नव्हतं.

"आणि अर्जदाराशी आपला परिचय कसा?" अध्यक्षांनी विचारलं. विचारावंच लागतं.

"साहेब, ह्याला माझं आडनाव आत्ता कळलं," क्लाइड म्हणाला. "बाकी सगळं बावीस वर्षांपासून माहीत आहे."

प्रुइटबाईंची बोटं थांबली. "हे असंच लिहू?" त्यांनी विचारलं. "असंच लिहा," अध्यक्ष म्हणाले. पक्का परवाना यायला सहा आठवडे लागणार होते, पण तात्पुरता कागद त्यांनी तिथल्या तिथे सही करून दिला. जाताना प्रुइटबाई दारापर्यंत आल्या आणि कोणाकडे न बघता म्हणाल्या, "केक छान होता."

व्हर्लिनने त्या दुपारपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत कोर्टाचं पत्र लिहिलं. फॉर्मवर प्रश्न होता, "आपण संबंधित व्यक्तीस कसे ओळखता?" पुढे एक ओळ जागा, आणि खाली बारीक अक्षरांत, "जागा न पुरल्यास वेगळा कागद जोडावा." सहा महिने कागदांनी ज्याचा जीव नको केला, त्या माणसाने आपण होऊन अकरा कागद जोडले.

चौदा तारखेला न्यायाधीशबाईंनी ते अकराच्या अकरा वाचले. ट्रेंटचं ते एक वाक्यही वाचलं. रेलीन बाकाच्या कडेवर बसली होती, लाँड्रीतला पांढरा सदरा घालून. पलीकडे मावशी, आणि मावशीच्या मांडीवर पोझी झोपलेली. व्हर्लिन मागच्या बाकावर टोपी चुरगाळत होता. अखेर बाईंनी चष्मा काढला.

"मुलीच्या झोपायची वगैरे सोय आहे का घरात?" त्यांनी विचारलं. "की करायला वेळ हवा?"

रेलीन उभी राहिली.

"जूनपासून अंथरूण घातलेलं आहे, बाई," ती म्हणाली. "रोज झटकते."